वरून काय दिसतं

वरोर
२० नोव्हेंबर २०२३

चि. सोनल,

तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. राग मानू नकोस. तुझा आवाज तुझ्या दादासारखा आहे. ते असताना हे कधी लक्षात आलं नव्हतं. तू 'हॅलो' म्हणालीस की मला पुढचं काही ऐकू येत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही. शाळेच्या ऑफिसात लिहिते तसंच लिहीन, चालवून घे.

दिवाळी केली नाही. आई बऱ्या आहेत. चिकूचा माल ठीक निघतो आहे, भाव मात्र नाही. घरामागची सुपारी या वर्षी कोणी उतरवली नाही. पिकते आणि आपोआप खाली पडते. पहाटे पत्र्यावर आवाज झाला की आई जाग्या होतात आणि मग झोपत नाहीत. परवा म्हणाल्या, "ही झाडं काढून टाकू. चढणारा गेला, आता ती कशाला उभी?" मला वाटतं त्यांना ती बघवत नाहीत. आपल्या वाडीत कामाला असायचा तो तलासरीचा चिमण हल्ली उंबरगावच्या कंपनीत आहे. तो मे महिन्यात सुट्टीवर येईल तेव्हा कापून देतो म्हणाला. तिथे चिकूची कलमं लावायची ठरली आहे.

मी नाही म्हटलं नाही. पण त्याआधी मला एकदा त्यातल्या एका झाडावर चढायचं आहे. शेंड्यापर्यंत. तुझे दादा वर गेले की तिथून ओरडून सगळं सांगायचे. बोटी निघाल्या, समुद्राला आज रंग चांगला आहे, तुझ्या माहेरच्या, कोसबाडच्या टेकडीवर ऊन पडलंय. मी खाली उभी राहून ऐकायचे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण ते काय बघतात ते मी एकदाही बघितलं नाही. कधीतरी बघू, असं वाटायचंही नाही. आता वाटतं.

चिकू निवडायच्या शेडमध्ये तुझा खांब अजून तसाच आहे. यांनी तुझ्यासाठी वापीच्या भंगारवाल्याकडून आणलेला स्टीलचा पाइप. तू बडोद्याला बायकांना तसल्याच खांबावर व्यायाम शिकवतेस ना? माझ्या वयाच्याही येतात, असं तू एकदा म्हणाली होतीस. मला शिकवशील का? पत्रातून जमेल तेवढं.

विनिता


बडोदा
२८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि दुसरी बॅच दहा मिनिटं खोळंबली.

आधी झाडाचं. ते आत्ता डोक्यातून काढ. वर फार काही नसतं गं. वारा असतो आणि मुंगळे असतात. ते मुंगळे कुठेकुठे चावतात हे मला विचार.

खांबाचं मात्र हो. आनंदाने हो. माझ्याकडे एक बँकेतल्या बाई येतात, एक्कावन्न वर्षांच्या. आल्या तेव्हा त्यांना भरलेला सिलिंडर जागचा हलवता येत नव्हता. आता त्या स्वतःला उचलतात. सगळा खेळ तेवढाच आहे, वहिनी. जिममध्ये लोखंड उचलतात, इथे आपण आपल्यालाच उचलायचं. बोटं, मनगटं, खांदे, पोट, मांड्या, सगळ्यांना एकाच वेळी कामाला लावायचं. कोणी एक आळशी असेल तर लगेच कळतं.

पहिला महिना चढायचं नाव नाही. शेडमध्ये गेल्यावर आधी अंग गरम कर, हात-मान-कंबर फिरव. मग खांब डोक्याच्या वर दोन्ही हातांनी धर आणि गुडघे किंचित वाकव, म्हणजे वजन हातांवर येईल. खांदे कानांपाशी जाऊ द्यायचे नाहीत, खाली ओढून धरायचे. नुसतं एवढंच. जमू लागलं की पाय जमिनीवरून सोड आणि लटकून राहा. उजवा हात वर ठेवून जेवढं करशील तेवढंच डावा वर ठेवून. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचं. खाली गादी हवीच. आणि पोटऱ्या उघड्या हव्यात. कापड घसरतं, कातडी धरते. साडी नेसून करायला गेलीस तर मी तिथे येऊन ओरडेन.

आईला काय सांगणार आहेस?

तुझी
सोनल


वरोर
२ जानेवारी २०२४

चि. सोनल,

आईंना पाठदुखीचा व्यायाम म्हणून सांगितलं. पाठ दुखते हे खरंच आहे.

पोटऱ्या उघड्या ठेवायच्या म्हणून यांची अर्धी पॅन्ट घातली. राखाडी, वाडीत घालायचे ती. पहिल्या दिवशी आई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पॅन्टकडे बघत होत्या. "देवेशची ना?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. आता काय ऐकावं लागेल, असं मला वाटलं. त्या आत गेल्या आणि नाडी घेऊन आल्या. "सैल होत असेल तुला." एवढंच.

लटकायला जमायला लागलं आहे. पण एक घोटाळा झाला. तू लिहिलंस कातडी धरते. थंडीत इथे कातडी फुटते, म्हणून आई आम्हा सगळ्यांना खोबरेल लावायला लावतात, तुला माहीत आहेच. मला वाटलं, कातडी मऊ असेल तर जास्त चांगली धरेल. तर मी पोटऱ्यांना आणि तळहातांना चांगलं चोळून तेल लावलं, खांबालाही थोडं पुसलं, आणि वर हात टाकून पाय सोडले. पुढचं मला सांगता येत नाही. कारण मी वर होते आणि लगेच खाली होते. मधलं काही आठवत नाही. गादी होती म्हणून बरं. बुधीबाई चिकू निवडत होती, ती म्हणाली, "वयनी, मासळी सुटली तशा सुटल्या तुमी." आणि तोंडात पदर घालून हसत बसली. मलाही हसू आलं. हे गेल्यापासून, ऑगस्टपासून पहिल्यांदा.

मग मला कसंतरी वाटलं. आईंनी ऐकलं असेल असं वाटलं.

व्यायामाच्या दिवशी झोप लागते. पण झोपेत हात बाजूला जातो. त्याला अजून कळलेलं नाही.

तू स्वतः रोज किती वेळ करतेस?

विनिता


बडोदा
१५ जानेवारी

वहिनी!

खांबाला खोबरेल! मी हे सगळ्या बॅचला सांगितलं. बँकेतल्या बाई हसून हसून खाली बसल्या. आता शिक्षा म्हणून खांब आधी साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने पूस. ज्या दिवशी करायचं त्या दिवशी अंगाला तेल नाही, क्रीम नाही, काही नाही. हाताला घाम येत असेल तर खडूची भुकटी लाव. शाळेत खडू आहेत ना?

आता चढायची पहिली पायरी. एक पाय पुढून खांबाला आडवा लाव, पाऊल वळवून, म्हणजे घोट्याच्या वरचा भाग खांबाला टेकेल. दुसरा पाय मागून आण, पोटरीने खांब दाबून धर. दोन पायांच्या चिमट्यात खांब. गुडघे आवळ आणि त्या चिमट्यावर उभी राहा, खुर्चीवरून उठतेस तशी. मग हात वर सरकव. मग पोटाच्या जोरावर गुडघे वर ओढ. पुन्हा चिमटा, पुन्हा उभं. हातांनी ओढत वर जायचं नसतं, सगळ्या नव्या बायका तीच चूक करतात. पायांनी उभं राहायचं. पावलावर काळेनिळे डाग पडतील, त्यांना घाबरू नकोस.

मला हे सगळं दादानेच शिकवलं, सुपारीवर. झाडावर तो पायात दोरीचा वेढा घालायचा, खांबावर वेढा लागत नाही, एवढाच फरक. वहिनी, आणि हसलीस म्हणून कसंतरी वाटून घेऊ नकोस. तू पडलीस आणि तो तिथे असता, तर तो बुधीबाईच्या आधी हसला असता.

सोनल


वरोर
२५ फेब्रुवारी

चि. सोनल,

काल हात पत्र्याला लागला.

शेडचा पत्रा उन्हाने तापला होता. तिथे थोडा वेळ थांबले. खाली क्रेट, गादी, आईंची काठी. सगळं लहान दिसत होतं. उतरताना मी सरकत आले नाही, एकेक पायरी उतरले, तू लिहिलंस तशी.

चिकूचा भरलेला क्रेट आता मी एकटी टेम्पोत चढवते. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याने मदतीला हात पुढे केला नाही. शाळेत निर्मलाबाई म्हणाल्या, "विनिता, खांदे कसे सरळ झालेत तुझे, कुठल्या देवाला जातेस?" 

सुपारीखाली रोज जाते. खोडाला हात लावून बघते. आपल्या खांबापेक्षा जाड आहे, पण त्यावर गोल कडी आहेत, पकड चांगली बसते.

तुला पापडांची गोष्ट माहीत आहे का? लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी. हे वरून ओरडले, "कोसबाडवर काळा ढग आलाय गं, तुझ्या आईचे पापड भिजणार!" मी धावत घरात गेले आणि आईला फोन केला. तिने शेजारच्या बायकांना गोळा करून गच्चीवरचे सगळे पापड आत घेतले. तिथे थेंब पडला नाही. ओले पापड आत एकावर एक चिकटून बसले. आई आठ दिवस बोलली नाही. हे म्हणाले, "ढग आला होता, पण तुझ्या आईला बघून परत गेला."

मे महिन्यात चिमण यायच्या आत मला वर जायचं आहे. ते जिथे असायचे तिथे मला जायचं आहे. एकदा तिथे पोहोचले की झालं. मग मला बाकी काही नको.

तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. तुझा सराव कसा चालला आहे?

विनिता


बडोदा
१ मार्च

वहिनी,

हे कुरिअरने पाठवते आहे. 'बाकी काही नको' म्हणजे काय? 'ते जिथे असायचे तिथे' म्हणजे काय? मी तुझं पत्र इतक्या वेळा वाचलं आहे की आता मला त्यात दुसरं काही दिसतच नाही. मी तुला हात-पाय बळकट करायला शिकवलं ते यासाठी? स्वतःला वर नेऊन सोडून द्यायला?

नसेल तसं, तर मला माफ कर. असेल, तर ऐक.

तिथून समुद्र दिसत नाही.

मी लहानपणी त्यातल्या प्रत्येक झाडावर गेले आहे. समोरच्या वाडीतल्या माडांच्या झावळ्या आहेत, त्यांच्यामागे सुरूचं बन आहे. बोटी दिसत नाहीत. कोसबाडची टेकडी तर मुळीच नाही, ती बाजू आपल्याच चिंचेने झाकली आहे. दादा सगळं मनाने रचून सांगायचा. मला म्हणायचा, "वहिनीला सांगायचं नाही हां, तिला आवडतं." पापडांच्या वेळी तर आपल्या हातून काय झालं म्हणून तो दोन दिवस वाडीतच जेवला. मी तुला कधीच सांगितलं नसतं. पण तू जे बघायला चालली आहेस ते तिथे नाही, वहिनी. जाऊ नकोस.

आणि माझ्या सरावाचं. मी ऑगस्टपासून खांबावर चढलेले नाही. खाली उभी राहून शिकवते, हाताने दाखवते. बायकांना वाटतं खांदा दुखावला आहे. पाय जमिनीवरून सुटले की मला खाली कोणी नाही असं वाटतं. लहानपणी तो खाली उभा असायचा ना, हात पसरून.

लगेच लिही. नाहीतर फोन उचल. मी एक शब्द बोलणार नाही, तू नुसतं 'आहे' म्हण.

सोनल


बडोदा
८ एप्रिल

वहिनी,

महिना होऊन गेला. आई फोनवर म्हणते तू बरी आहेस, शाळेत जातेस, जेवतेस. एवढ्यावर मी रोजचे वर्ग घेते आहे. मी ते सांगायला नको होतं का?

सोनल


वरोर
१४ एप्रिल

चि. सोनल,

मी मरायला वर जात नव्हते. तसं लिहिलं गेलं असेल तर माझं लिहिणं कच्चं आहे. आईंना टाकून मी कुठे जाणार? तुला एवढे दिवस उत्तराशिवाय ठेवलं, ते चुकलं. पण मला लिहिता येत नव्हतं.

आधी मला यांचा फार राग आला. एकोणीस वर्षं! मी शाळेत, बाजारात, माहेरी, सगळीकडे सांगितलं आहे की आमच्या सुपारीवरून बोटी दिसतात. पाहुण्यांना सांगितलं आहे. फोटोकडे बघून मी एकदा मोठ्याने बोललेही. आई शेजारच्या खोलीत होत्या.  मी मार्चभर शेडमध्ये गेले नाही.

मग गेल्या आठवड्यात ऑफिसात बसले असताना वाटलं, ते वर अर्धा अर्धा तास असायचे. घड उतरवायला एवढा वेळ लागत नाही. समुद्र दिसत नव्हता, टेकडी दिसत नव्हती, तर ते तिथे बसून एवढा वेळ बघत काय होते?

म्हणून मला अजूनही वर जायचं आहे. आता जास्तच.

पुन्हा सुरू केलं आहे. हातांतला जोर थोडा उतरला होता, दहा-बारा दिवसांत परत येईल. चिमणला फोनवर विचारलं. तो हसला, "वयनी, पंचायतीत लागल्या काय, खांबावर दिवे लावायला?" पण मग नीट म्हणाला की बरीच झाडं आतून पोकळ झाली आहेत, विहिरीजवळचं एक चांगलं आहे. तो आधी वर जाऊन दोर बांधेल आणि खाली धरून उभा राहील. तुझ्याकडे पट्टा मिळतो का, कंबरेला बांधायचा?

तू खांबावर जात नाहीस हे मला माहीत नव्हतं. मी तुला विचारत राहिले. तुझं रोजचं चालू आहे, असंच मी धरून चालले होते.

विनिता


बडोदा
२२ एप्रिल

वहिनी,

रडले, मग बाजारात गेले. पट्टा पाठवते आहे. बांधकामावरचा आहे, मांड्यांभोवतीही येतो, कंबरेला एकटा बांधायचा नाही. दोर आधी शेडमध्ये लटकून तपासायचा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. वारा असेल तर नाही. एक दिवस आधी पूर्ण विश्रांती. झाडावर पायात दादासारखा दोरीचा वेढा घे, खोड जाड आहे, नुसत्या चिमट्यावर भरवसा नको. मध्ये थकलीस तर पायांवर उभी राहून हात झटक, एका वेळी एक. आणि कुठेही वाटलं की पुरे, तर पुरे.

आईला आता सांग. तिला पाठदुखीचं सांगून चालणार नाही.

मला विचारू नकोस मी येते का. मला खाली उभं राहून वर बघता येणार नाही. मी त्या दिवशी इथे माझ्या खांबाजवळ असेन.

सोनल


वरोर
१९ मे २०२४

चि. सोनल,

आधी झाडांचं सांगून टाकते. काल चिमणने सगळी कापली. घरामागे फार उजेड झाला आहे.

मी शुक्रवारी गेले. आईंना आदल्या दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पडलीस तर मला कोण?" मी पट्टा दाखवला, दोर दाखवला. त्यांनी बकल तीन वेळा लावून काढून बघितलं. मग म्हणाल्या, "मी नाही बघणार. मी देवाजवळ बसेन." सकाळी मात्र मला चहा करून दिला आणि अर्ध्या पॅन्टची नाडी स्वतः बांधली, लहान मुलाची बांधतात तशी, दोन गाठी मारून.

चिमणने दोर बांधला आणि उतरला. वारा नव्हता. मी पायात वेढा घातला आणि तू शिकवलंस तसंच केलं. धर, उभी राहा, हात वर, गुडघे वर. खोड खांबासारखं थंड नव्हतं. निम्म्यावर झाड किंचित हललं. तिथे मी थांबले आणि परत फिरावंसं वाटलं. चिमण खालून म्हणाला, "ते हालतंच, वयनी. दादा असले की पण हालायचं." मग मी पुढे गेले.

शेंड्याशी पोहोचले. पोफळीच्या मानेशी एक खाच होती, बसायच्या जागेसारखी झिजलेली. तिथे गुडघा टेकवला.

तू लिहिलंस ते खरं आहे. समुद्र दिसत नाही. समोर माडांच्या झावळ्या, मागे सुरू, या बाजूला चिंच. कुठेही बघितलं तरी पानंच. मुंगळेही होते. बघायला मोकळी जागा एकच आहे, ती सरळ खाली. धुण्याचा दगड आणि विहिरीचा काठ यांच्या मधली. मी घड गोळा करायला टोपली घेऊन उभी राहायचे ती. वर बसलेल्या माणसाला दुसरं काहीच बघता येत नाही, सोनल. मान फिरवली तरी नजर तिथेच येते.

मी किती वेळ तिथे होते ते ठाऊक नाही. चिमणने हाक मारली नाही.

मग त्या मोकळ्या जागेत आई आल्या. देवाजवळून उठून आल्या होत्या, हातात अजून वात होती. टोपलीच्या जागी उभ्या राहिल्या, कपाळावर हात धरला आणि तोंड वर केलं. वरून त्या एवढ्याशा दिसत होत्या. मला त्यांचा चेहरा असा कधी दिसला नव्हता. घरात त्या माझ्याशी नेहमी खाली बघून बोलतात.

"काय दिसतंय गे तिथून?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडावर आलं होतं, बोटी म्हणून. पण ते यांचं होतं.

"तुम्ही दिसता, आई," मी म्हटलं.

त्यांनी हात कपाळावरून काढला, डोळे पुसले आणि पदर नीट केला.

"मग उभी राहते जरा," म्हणाल्या.

विनिता